रडले ते मूल कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात कार्यकर्त्यांच्या एका बैठकीसाठी नवेगाव बांधला मुक्काम होता. सायंकाळी तलावाच्या पाळीवर दहा-पंधरा मंडळी बसली होती. त्यांत गावातील एक आशाताई होत्या. गर्भपाताविषयीच्या एका न्यायालयीन निकालाची बातमी त्यांनी नुकतीच वाचली होती. त्यांनी सरळ विचारले, "भाऊ, पोट पाडतानी लेकरू जिवंत निंगालं, तं ते कोनाचं जी?" बैठकीत दोन वकील होते, एक डॉक्टर होते. उत्तर मात्र कोणालाच चटकन देता आले नाही. आईने ते नको म्हटले आहे, डॉक्टरच्या हाती आलेली परवानगी मूल जन्माला घालण्याची नाही, आणि गाव तर असे काही घडलेच नाही असे म्हणण्यास तयार बसलेले. अशा वेळी त्या श्वास घेणाऱ्या जीवाचा वाली कोण? आशाताईंचा हा प्रश्न वरवर साधा वाटला, तरी संसदेने तो आजवर स्पर्शलेला नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्याला हात घातला आहे, आणि महाराष्ट्राने याची नोंद अभिमानाने घेतली पाहिजे. ३ एप्रिल २०१९ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या आहेत. विहित मुदतीनंतरच्या गर्भपातात मूल जिवंत जन्मले, तर त्याला उपलब्ध असलेले उत्तमोत्तम उपचार देण्याची पूर्ण जबाबदारी संबंधित डॉक्टरची आणि रुग्णालयाची राहील. आणि त्याचे आईवडील जबाबदारी घेण्यास तयार नसतील किंवा त्या स्थितीत नसतील, तर बालन्याय कायद्यानुसार ती शासनाने आणि त्याच्या यंत्रणांनी स्वीकारली पाहिजे. पाळीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ते मूल आधी डॉक्टरचे, मग शासनाचे, म्हणजेच तुमचे-आमचे.

हा निकाल आकाशातून पडलेला नाही. आपल्या जुन्या कायद्यांतच त्याची बीजे आहेत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने जिवंत जन्माची व्याख्या करताना एक महत्त्वाची अट स्पष्टपणे बाजूला सारली. गर्भधारणेचा काळ कितीही असो, आईच्या शरीरातून पूर्णपणे बाहेर आल्यावर ज्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाचे दुसरे कोणतेही चिन्ह दाखवले, तो जिवंत जन्म होय. पाचवा महिना की नववा, असा भेद त्यात नाही. मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मल्यावर मरावे या हेतूने केलेले कृत्य भारतीय दंडविधानाच्या ३१५ व्या कलमाने गुन्हा ठरवले होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ९१ व्या कलमात आली आहे. म्हणजे जन्मलेल्या मुलाला मारणे हा गुन्हा आहे, यात शंका नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. मारले नाही, पण कोणी उचललेही नाही, तर काय? थंडगार ट्रेमध्ये झाकून ठेवलेल्या आठशे ग्रॅमच्या बाळाला कोणी मारत नसते. ते आपोआप जाते.

१९७१ चा गर्भपात कायदा झाला, तेव्हा हा प्रश्न उद्भवण्याचे फारसे कारण नव्हते. त्याआधी केंद्राने १९६४ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. समितीपुढे प्रश्न होता तो चोरून होणाऱ्या गर्भपातांत प्राण गमावणाऱ्या स्त्रियांचा, आणि तो खरा होता. कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली. त्या वयाचे अर्भक जगत नाही, हे त्या काळी डॉक्टरही जाणत होते आणि सुईणही जाणत होती. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत दोन रेषा एकमेकींकडे सरकत आल्या. नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांनी जगण्याचे वय खाली आणले. आज सुसज्ज रुग्णालयात अठ्ठावीस आठवड्यांचे, जेमतेम किलोभर वजनाचे मूल वाचणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चोवीस-पंचवीस आठवड्यांची मुलेही वाचतात. दुसरीकडे २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट वर्गांतील स्त्रियांसाठी गर्भपाताची मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयावर ती पूर्णपणे उठवली. दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे ते रडणारे मूल आहे. आणि तिथेच कायदा मौन बाळगतो. उच्च न्यायालयाचा निकाल होऊन दोन वर्षेही लोटली नव्हती, तरी त्यातील एक ओळही दुरुस्तीत आली नाही.

या मौनाचे रूप कागदावर पाहावे. गर्भपाताची नोंदवही कायद्यानेच गुप्त ठेवावयाची असते, आणि ते योग्यच आहे. त्या वहीत काय घडले हे लिहिण्यासाठी 'परिणाम व शेरा' एवढाच रकाना. जन्माची नोंदवही वेगळी, ती ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचणारी. मूल जिवंत निघाले तर ते पहिल्या वहीतून दुसऱ्या वहीत जावयास हवे. पण दुसऱ्या वहीत आईचे नाव, गाव, पत्ता लागतो, आणि जिने गुप्ततेच्या भरवशावर दवाखान्याची पायरी चढली, तिचे नाव उघड होते. डॉक्टरला दोन कायद्यांच्या कात्रीत उभे करून आपण त्याच्या सद्सद्विवेकावर सारे सोपवले आहे. बहुतेक डॉक्टर सज्जन असतात, हे खरे. पण लेकराचा जीव कोणाच्या सज्जनपणावर सोडून देणे ही काही व्यवस्था नव्हे.

मग व्यवस्थेने पळवाट शोधली. उशिराच्या गर्भपातात गर्भाच्या हृदयाचे ठोके पोटातच आधी थांबवावेत, म्हणजे जिवंत जन्माचा प्रश्नच उरत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हाच पेच सर्वोच्च न्यायालयापुढे उघडा पडला. दोन मुलांची आई असलेली, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजाराने खचलेली एक विवाहिता सव्वीस आठवड्यांची गर्भवती होती. न्यायालयाने गर्भपाताची परवानगी दिली. त्यानंतर दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी कळवले की हे मूल जगण्याची चांगली शक्यता आहे, तेव्हा त्याचे ठोके थांबवावयाचे की नाही, हे न्यायालयाने सांगावे. दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. अखेर १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यीय पीठाने परवानगी नाकारली. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे पंधरा वर्षांच्या एका अत्याचारग्रस्त मुलीचे प्रकरण होते. गर्भ अठ्ठावीस आठवड्यांचा. मूल जिवंतच जन्मणार असेल, तर ते पूर्ण दिवस भरूनच जन्मू द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कोवळ्या मुलीवर या निर्णयाने काय ओढवले असेल, याचा विचार मनातून जात नाही. या प्रश्नात कोणालाही सहज बरोबर ठरता येत नाही, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच तो प्रत्येक वेळी एखाद्या न्यायपीठापुढे, घड्याळाकडे पाहत, नव्याने सोडवावा लागू नये.

अमेरिकेत या विषयावर २००२ सालीच कायदा झाला. जिवंत जन्मलेले प्रत्येक अर्भक, मग ते गर्भपातातून का जन्मलेले असेना, कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय, अशी व्याख्या त्याने केली, आणि ५ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. डॉक्टरांना शिक्षा ठोठावणारे पुढचे विधेयक तेथे वर्षानुवर्षे अडले आहे. जानेवारी २०२५ मध्ये ते प्रतिनिधिगृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये त्यावर मतदानाची वाटही मोकळी होऊ शकली नाही. तेथे हा दोन पक्षांच्या निवडणुकीतील हत्याराचा विषय झाला आहे. बाळ बाजूला राहते, आणि गर्भपात असावा की नसावा यावर दोन्ही बाजू तलवारी परजतात. आपल्याकडे ते भांडण आयात करण्याचे काहीच कारण नाही. संकटात सापडलेल्या स्त्रीची सोडवणूक करणारा कायदा येथे पन्नास वर्षे आहे. तो राहूनही जिवंत मुलाची काळजी घेता येते. आईने गर्भ नको म्हटला, याचा अर्थ समाजाने मूल नको म्हटले असा होत नाही.

आणि आपला समाज तसे म्हणणारा नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात निपचित जन्मलेल्या बाळासाठी काय करावे ते सांगितले आहे. त्याच्या कानाशी दगडावर दगड आपटावा, चेहऱ्यावर गार वा कोमट पाणी शिंपडावे, प्राण परत येईपर्यंत सुपाने वारा घालत राहावे. हे मूल कोणाचे, हवेसे की नकोसे, असा प्रश्न तेथे वैद्य विचारत नाही. आजही आपल्या घरांत पाचवीच्या रात्री सटवाई येऊन प्रत्येक बाळाच्या कपाळावर लेख लिहिते, अशी श्रद्धा आहे. तिने एखादे कपाळ टाळल्याचे कोणी ऐकलेले नाही.

अर्थात, आपल्याच समाजाने विधवांच्या पोटच्या जीवांना विहिरीत आणि उकिरड्यावर ढकलले, हेही विसरून चालणार नाही. त्याचे परिमार्जनही याच मातीत झाले. महात्मा जोतिराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यावे वा ठेवावे ही तुमची इच्छा, असे त्यांनी त्या स्त्रियांना सांगितले. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि तो रोग्यांच्या सेवेत होते, आणि त्याच सेवेत सावित्रीबाईंनी देह ठेवला. पंढरपुरातही १८७५ साली असेच गृह उभे राहिले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, फुल्यांनी आईला शिक्षा करण्याची मागणी केली नाही. त्यांनी दार उघडले आणि पाळणा ठेवला. नव्या कायद्याला हाच नमुना पुरेसा आहे.

पण पाळणा कोठे आहे? नवेगाव बांधहून गोंदिया साठ-पासष्ट किलोमीटर, नागपूर त्याच्या दुपटीहून लांब. गर्भातील व्यंग दाखवणारी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास व्हावयास हवी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील शेतमजूर स्त्रीला त्यासाठी धानाच्या रोवणीची मजुरी बुडवून दिवसभराचा प्रवास करावा लागतो. अहवाल हाती येईपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे उलटतात. शहरातील सुशिक्षित घराला जो निर्णय पाचव्या महिन्यापूर्वी घेता येतो, तो येथे सातव्यात घ्यावा लागतो. उशिरा होणारे गर्भपात हे पुष्कळदा गरिबीचे आणि अंतराचे अपत्य असते. ज्यांना जिवंत जन्माचा प्रश्न टाळावयाचा आहे, त्यांनी आधी ही सोनोग्राफी नवेगावच्या स्त्रीपर्यंत वेळेवर न्यावी.

आणि मूल जन्मलेच तर? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके गेली. १९९९ पर्यंत गोंदिया हा त्याच भंडारा जिल्ह्याचा भाग होता. तेथल्या आक्रोशाचा आवाज या गावांपर्यंत आला होता. ती बाळे आईवडिलांना हवी होती, बाहेर आया वाट पाहत होत्या, आणि तरीही शासन त्यांचे रक्षण करू शकले नाही. ज्याची वाट पाहणारे बाहेर कोणीच नाही, त्याला त्या कक्षात कितवा क्रमांक मिळेल? दुसरे उदाहरण याच शेजारातले, पण उलट दिशेचे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची देखभाल शिकवली. बाळाला ऊब देणे, श्वास अडल्यास मोजून हवा देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे त्यांनी घरोघरी केले. १९९९ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तिसऱ्या वर्षी, इतर गावांच्या तुलनेत, नवजात मृत्युदरात बासष्ट टक्क्यांची घट दिसली. नंतर हेच काम देशभरच्या आशाताईंकडे आले. म्हणजे पाळीवर प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या हातात उत्तराचा एक तुकडा आधीच होता.

केंद्र शासनाने गर्भपात कायद्यात एक कलम घालावे, अशी आमची मागणी आहे. मूल जिवंत जन्मल्यास त्याला त्याच दिवसांच्या इतर कोणत्याही अपुऱ्या दिवसांच्या बाळाइतकेच उपचार मिळतील, असे त्यात स्वच्छ लिहावे. बावीस-चोवीस आठवड्यांनंतरचा गर्भपात जेथे होईल, तेथे बालरोगतज्ज्ञ हजर असावा. ज्याचे व्यंग असाध्य आहे, त्याला नळ्या-यंत्रांत अडकवून छळू नये. पण त्यालाही ऊब, वेदनाशमन आणि कोणाच्या तरी हातांचा स्पर्श मिळावा. हा निर्णय गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने एकट्याने घेऊ नये. जन्माची नोंद आईचे नाव न उघडता करण्याची सोय असावी. खर्च आईच्या माथी पडू नये. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजातावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात, ते या बाळालाही निर्विवाद मिळावेत. शिक्षेचे कलम स्वतंत्र नको. जाणूनबुजून मारणाऱ्यासाठी न्याय संहिता आहेच. घाबरलेला डॉक्टर पेशंटला दारातूनच परत पाठवतो, आणि मग ती बाई कोठे जाते, हे खेड्यांत सर्वांना माहीत असते.

बाकीचे काम समाजाचे आहे. बालन्याय कायद्यानुसार आईवडील बालकल्याण समितीपुढे मूल स्वाधीन करू शकतात आणि त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत मुलाला कोठे ठेवावयाचे? त्याचे वजन अजून दोन किलोही झालेले नसते, त्याला दर दोन तासांनी दूध आणि छातीशी धरणारे कोणीतरी लागते. त्यानंतर दत्तकविधानाची वाट मोकळी होते, आणि २०२२ पासून तो आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. गोंदियात, भंडाऱ्यात, गडचिरोलीत अशी किती घरे आहेत, जी त्या दोन महिन्यांसाठी आपले दार उघडतील? आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले मोठी होऊन पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आहेत, ज्यांच्या घरातला पाळणा माळ्यावर आहे, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत एकदा जाऊन चौकशी करावी. नवेगावच्या आशाताईंना आम्ही त्या सायंकाळी उत्तर देऊ शकलो नव्हतो. या अंकाची एक प्रत त्यांना पाठवत आहोत.