क्रॉसिंग

श्रीरामपूरला जायचे तर उतरायचे बेलापूर स्टेशनात, आणि वाटेत गाडी थांबली की डब्यात एकच शब्द: क्रॉसिंग. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८चा, तोही मुळात एकेरी. एकेरी मार्गावर समोरची गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली सुटत नाही. एकीचा उशीर दुसरीला लागतो. बाजूला उभी राहते ती बहुधा पॅसेंजरच. खालाच्या मय्यतीला निघालेल्या अम्मीला पोहोचता आले नाही. जनाजा उठला तेव्हा तिची गाडी अशीच एका लहान स्टेशनात उभी होती.

गेल्या काही वर्षांत दुहेरीकरणाचे टप्पे एकेक करून सुरू झाले. मात्र जेवढा तुकडा एकेरी उरतो, तेवढे क्रॉसिंगही उरते. दुसऱ्या मार्गाचा पहिला लाभ पॅसेंजरला मिळावा. कॉलेजची मुले आणि दवाखान्याला निघालेली माणसे तिच्यातच असतात.