अनुदान शाळेला की बालकाला?

शिक्षणाचा भार समाजाने, म्हणजेच शासनाने उचलावा, याविषयी आज फारसे दुमत उरलेले नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नावर. कररूपाने गोळा झालेला पैसा शाळेच्या हाती द्यावयाचा, की ज्या बालकासाठी तो खर्च व्हावयाचा आहे त्याच्या माता-पित्यांच्या हाती? अमेरिकेत या प्रश्नावर गेली सत्तर वर्षे वाद चालू आहे आणि अलीकडच्या काळात तेथील अनेक राज्यांनी त्याचा निकाल पालकांच्या बाजूने दिला आहे. शिक्षण आणि कुटुंब यांच्या नात्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग समजून घेतला पाहिजे.

या वादाचे मूळ एका मूलभूत प्रश्नात आहे : बालक कोणाचे? ओरेगन राज्याने १९२२ साली कायदा करून सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये हा कायदा रद्दबातल ठरविला. बालक ही केवळ राज्यसंस्थेची निर्मिती नव्हे, त्याला वाढविणाऱ्यांना त्याच्या शिक्षणाची दिशा ठरविण्याचा हक्क आहे आणि ते त्यांचे कर्तव्यही आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पालकांचा हक्क अशा रीतीने मान्य झाला. परंतु तो बजावण्याचे सामर्थ्य मात्र सर्वांपाशी नव्हते. श्रीमंत कुटुंब खासगी शाळेचे शुल्क भरू शके. सामान्य कुटुंबाने तसे करायचे म्हटले तर त्याला दुहेरी भुर्दंड पडे, एकदा कराचा आणि दुसऱ्यांदा शुल्काचा. जो हक्क वापरण्यासाठी खिसा जड असावा लागतो, त्याला सर्वांचा हक्क कसे म्हणावे?

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. शासनाने शिक्षणाला पैसा पुरविणे आणि शासनाने स्वतः शाळा चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, पहिली मान्य केली म्हणून दुसरी मान्य करावीच लागते असे नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. हा विचार प्रत्यक्षात उतरला तो १९९० मध्ये, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात. विशेष म्हणजे त्यामागे धनिकांचा दबावगट नव्हता. आपल्या वस्तीतील मुलांची नादुरुस्त शाळांतून सुटका व्हावी म्हणून झगडणाऱ्या कृष्णवर्णीय आमदार पॉली विल्यम्स यांचा पुढाकार होता. त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या. त्यांना साथ मिळाली ती रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांची. पक्षभेदाच्या भिंती ओलांडून हे घडले. पुढे २००२ मध्ये क्लीव्हलंड शहरातील अशाच योजनेला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरविले. शासनाचा पैसा धार्मिक संस्थेच्या शाळेत पोहोचत असेल, तरी तो पालकांच्या स्वतंत्र निवडीने पोहोचतो; म्हणून ते शासनाने धर्माला दिलेले उत्तेजन ठरत नाही, असा हा निर्णय होता.

व्हाउचरकडून खात्याकडे

व्हाउचरची मर्यादा लवकरच ध्यानात आली. व्हाउचर एका शाळेचे दार बंद करून दुसऱ्या शाळेचे दार उघडते. परंतु ज्या मुलाची गरज कोणत्याच एका शाळेच्या चौकटीत मावत नाही त्याचे काय? ॲरिझोना राज्याने २०११ मध्ये शिक्षण खात्याची योजना आणली ती प्रथम अशाच दिव्यांग मुलांसाठी. स्वमग्न बालकाला वाचा-उपचार हवे असतात, हाताच्या हालचालींसाठी वेगळा उपचार हवा असतो, कदाचित दिवसातून दोनच तास शिकविणारा पण धीर न सोडणारा शिक्षक हवा असतो. राज्याने त्याच्यावर जो खर्च केला असता त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग पालकांच्या नियंत्रणातील खात्यात जमा होऊ लागला. त्यातून शाळेचे शुल्क, खासगी शिकवणी, उपचार, पुस्तके व अभ्यासक्रम यांचा खर्च करता येतो. शिल्लक राहिलेली रक्कम पुढील वर्षी वापरता येते. मोबदल्यात पालकांना राज्याशी करार करून वाचन, व्याकरण, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र हे विषय शिकविण्याची हमी द्यावी लागते आणि मुलाला सरकारी शाळेत घालता येत नाही.

२०२२ मध्ये ही योजना राज्यातील सर्वच मुलांना खुली झाली. तोवर जेमतेम बारा हजार मुले तिचा लाभ घेत होती. २०२४ मध्ये ही संख्या पंचाहत्तर हजारांवर गेली. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला आणि टेक्सासने २०२५ मध्ये शंभर कोटी डॉलरची तरतूद असलेला कायदा संमत केला. त्याच वर्षी केंद्रीय कायद्यानेही शिष्यवृत्ती संस्थांना देणगी देणाऱ्यांसाठी १७०० डॉलरपर्यंतची करसवलत मंजूर केली. ती १ जानेवारी २०२७ पासून लागू करण्याचे त्यात ठरले आणि योजनेत सहभागी व्हायचे की नाही हे राज्यांवर सोपविण्यात आले.

आक्षेपांचे वजन

टीकाकारांचे आक्षेप झटकून टाकण्याजोगे नाहीत. ॲरिझोनात योजना सर्वांना खुली झाल्यावर प्रारंभी आलेल्या अर्जांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अर्ज सरकारी शाळेत नसलेल्याच मुलांचे होते. म्हणजे जी कुटुंबे आधीपासून खर्च पेलत होती त्यांनाच पहिला लाभ मिळाला. लुईझियानातील व्हाउचर घेतलेल्या मुलांची गणितातील प्रगती पहिल्या वर्षांत घसरल्याचे अभ्यासांत आढळले. उलट, राजधानी वॉशिंग्टनमधील योजनेच्या २०१० सालच्या शासकीय मूल्यमापनात शिष्यवृत्ती देऊ केलेल्या मुलांपैकी ८२ टक्के शालान्त टप्पा पार करताना दिसली, तर इतरांत हे प्रमाण ७० टक्के होते. ॲरिझोनाच्याच लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये काही लाख डॉलरचा गैरवापर उघडकीस आणला. मतदारही सर्वत्र अनुकूल नाहीत : २०१८ मध्ये ॲरिझोनात, तर २०२४ मध्ये केंटकी व नेब्रास्का येथे त्यांनी अशा योजनांना नकार दिला.

यावरून निष्कर्ष काय निघतो? निवडीचे तत्त्व चुकीचे आहे असा नव्हे; तर क्रम चुकला की चांगले तत्त्वही बदनाम होते, असा. ज्याला सर्वाधिक गरज आहे त्याच्यापासून आरंभ केला तेव्हा या योजनेला नैतिक बळ होते. सधनांनाही तेच खाते उघडून दिल्यावर ते क्षीण झाले.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे

महाराष्ट्राला समाजाने चालविलेल्या शाळांची परंपरा नवी नाही. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये, तर रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये लोकांच्याच पुढाकारातून उभी राहिली. १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रूढ झालेल्या अनुदान पद्धतीने अशा संस्थांना आधारही दिला. पण अनुदान गेले ते संस्थेकडे. पालकाच्या हाती काही आले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखून पैसा प्रथमच बालकामागे नेला. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये हा बदल रद्द केला. गरीब पालकांची निवड एका अधिसूचनेने हिरावली जाऊ शकते, हा त्यातला धडा आहे.

सोडतीत नाव लागलेल्या मुलाला प्रवेश मिळतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण स्वमग्न किंवा कर्णबधिर बालकाला केवळ बाकावरची जागा पुरत नाही. त्याच्या उपचारांचा खर्च तालुक्याच्या गावातील शिक्षक वा कारकून पित्याला स्वतःच्या पगारातून करावा लागतो. मजूर कुटुंबात तर तो होतच नाही आणि मूल घरी बसते. शासन विविध योजनांचे पैसे आज थेट लाभार्थीच्या बँक खात्यात जमा करते. मग दिव्यांग बालकांसाठी मर्यादित, हिशेबी आणि लेखापरीक्षणाच्या कक्षेतील शिक्षण खाते उघडण्यास अडचण कोणती? मान्यताप्राप्त उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि साधने एवढ्यांवरच खर्चाची मुभा असावी, आणि सरकारी शाळेचे दार त्या मुलाला सदैव उघडे राहावे. अमेरिकेने घातलेली "एक तर हे, नाही तर ते" ही अट येथे आणण्याचे कारण नाही.

सरकारी शाळा सुधारणे आणि पालकाच्या हाती साधन देणे ही परस्परविरोधी कामे नव्हेत. माता-पित्यांना आपल्या मुलाची गरज कळते, हे सर्वच मान्य करतात. त्या जाणिवेला चार पैशांचे बळ देण्याचा प्रश्न आला की मात्र त्यांच्यावर विश्वास उरत नाही. हा अविश्वास दूर करण्याचा आरंभ सर्वांत दुबळ्या बालकापासून व्हावयास हवा.