कोलंबोतला आरोपी, चेन्नईतला खटला

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर वसलेले शोळिंगनल्लूर हे आता माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे गाव झाले आहे. तेथील अभियंत्यांचा वीसेक किलोमीटरवरच्या जेमिनी उड्डाणपुलाशेजारी असलेल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाशी येणारा संबंध बहुधा व्हिसापुरताच. एप्रिल २०१४ च्या अखेरीस मात्र हाच दूतावास एका वेगळ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी आला. साकिर हुसेन या श्रीलंकेच्या नागरिकाला तमिळनाडू पोलिसांच्या ‘क्यू’ शाखेने चेन्नईत अटक केली. चेन्नईतील अमेरिकी आणि बंगळुरूतील इस्रायली वाणिज्य दूतावासावर हल्ला करण्याच्या कटासाठी तो टेहळणी करत होता, असा त्याच्यावर आरोप होता. त्यानंतर दोनच दिवसांनी चेन्नई सेंट्रल स्थानकात गुवाहाटीला निघालेल्या गाडीत स्फोट होऊन एक तरुणी ठार झाली. त्या स्फोटांचा तपास स्वतंत्रपणे झाला. पण भेदरलेल्या शहरात अटकेच्या बातमीचे वजन त्यामुळे वाढले, हे खरे.

खरी अडचण साकिर हुसेनची नव्हती. राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे (एनआयए) गेलेल्या या खटल्यात त्याने गुन्हा कबूल केला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याला सूचना देणारा म्हणून तपासात ज्याचे नाव पुढे आले, तो आमिर झुबेर सिद्दिकी त्या काळात पाकिस्तानच्या कोलंबोतील उच्चायुक्तालयात व्हिसा विभागाचा अधिकारी होता. पाकिस्तानने आरोप फेटाळले. म्हणजे कटाचे लक्ष्य भारतात, त्यातही अमेरिका व इस्रायलच्या वास्तू. अटकेतील हस्तक श्रीलंकेचा. आणि कथित सूत्रधार तिसऱ्या राजधानीत राजनैतिक पारपत्र बाळगून बसलेला.

सिद्दिकीला राजनैतिक संरक्षण असल्याने भारताचे हात बांधले गेले, असे त्या वेळी सरसकट म्हटले गेले. ते अर्धसत्य होते. १९६१ चा व्हिएन्ना करार राजदूतांना फौजदारी कारवाईपासून जे संरक्षण देतो, ते ज्या देशात त्यांची नेमणूक झाली त्या देशात. तिसऱ्या देशातून ते नेमणुकीच्या ठिकाणी जात-येत असतील तर कलम ४० पुरते, त्यापलीकडे नाही. सिद्दिकीची नेमणूक भारतात नव्हती. त्यामुळे भारतीय न्यायालयात त्याच्यावर आरोपपत्र ठेवण्यास त्या कराराची मोठी आडकाठी नव्हती. त्याला वाचवले ते कायद्याने कमी आणि भूगोलाने जास्त. त्याच्यावर हात टाकायचा तर तो कोलंबोने टाकायला हवा होता, आणि कोलंबोलाच व्हिएन्ना कराराने बांधले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्लीतील पाकिस्तानी उच्चायुक्तालयातला मेहमूद अख्तर हेरगिरीच्या आरोपावरून पकडला गेला, तेव्हा भारताने त्याला लगेच अवांछित ठरवून परत पाठवले. ही मुभा येथे भारताला नव्हती. श्रीलंकेला ती होती आणि त्यासाठी कारण देण्याचेही बंधन नव्हते. तरीही जाहीर हकालपट्टी न होता सिद्दिकी इस्लामाबादला परतला.

कोलंबोच्या या संकोचामागे इतिहास आहे. २००० साली एलिफंट पास पडून जाफना हातचे जाण्याची वेळ आली, तेव्हा श्रीलंकेच्या लष्कराला बहुनळी रॉकेट प्रक्षेपक पुरवले ते पाकिस्तानने. ऑगस्ट २००६ मध्ये पाकिस्तानचे तत्कालीन उच्चायुक्त बशीर वली मोहम्मद कोलंबोत बॉम्बस्फोटातून बचावले आणि त्यांनी पुढे त्याचे खापर भारताच्या गुप्तचर यंत्रणेवर फोडले. दोन शेजाऱ्यांचे वैर आपल्या अंगणात चालते, हे श्रीलंकेला नवे नव्हते. त्यातच मार्च २०१४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्धच्या ठरावावर पाकिस्तानने तिच्या बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. साकिर हुसेनच्या अटकेला तेव्हा जेमतेम महिना बाकी होता. अशा मित्राच्या अधिकाऱ्याला हाकलून देण्याची उमेद राजपक्षे सरकारकडे असणे कठीणच होते.

दिल्लीतही वाऱ्याची दिशा निराळी होती. २६ मे रोजी नरेंद्र मोदी यांच्या शपथविधीला नवाझ शरीफ आणि महिंदा राजपक्षे दोघेही आले. राजपक्षे यांना बोलावल्याच्या निषेधार्थ जयललिता गेल्या नाहीत. ज्या राज्याच्या पोलिसांनी हे प्रकरण उघडकीस आणले, त्या राज्याची केंद्राशी कुरबुर दहशतवादाच्या तपासावरून नव्हे, श्रीलंकेतील तमिळांच्या प्रश्नावरून चालली होती. नव्या सरकारला शेजाऱ्यांशी सौहार्दाचा आरंभ करायचा असताना कोलंबोतल्या एका अधिकाऱ्याची फाईल कोणी उघडणार नव्हते.

ती उघडली २०१८ मध्ये. एनआयएने फेब्रुवारीत सिद्दिकीवर आरोपपत्र दाखल केले आणि एप्रिलमध्ये छायाचित्रासह त्याला फरारींच्या यादीत घातले. एका पाकिस्तानी राजनैतिक अधिकाऱ्याबाबत हे पहिल्यांदाच घडत होते. रेड कॉर्नर नोटिशीची भाषाही झाली. पण पाकिस्तानशी प्रत्यार्पणाचा करार नाही, आणि त्यानंतर आरोपी भारतीय न्यायालयापुढे आलेला नाही.

चेन्नई आणि कोलंबो यांच्यात तपासाचा धागा जुळू शकतो, हे एका वर्षाने दिसले. मात्र फार भीषण रीतीने. कोईम्बतूरमधील ‘आयसिस’ गटाच्या तपासात हाती लागलेल्या धाग्यांवरून भारताने एप्रिल २०१९ च्या आरंभी श्रीलंकेला हल्ल्याचा इशारा दिला. कोलंबोच्या यंत्रणेत तो वरपर्यंत पोहोचून कृतीत आला नाही आणि २१ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी अध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांना दहा कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितले. विश्वास नसेल तर खरी माहितीही फायलीत पडून राहते, आणि तो विश्वास २०१४ मध्ये कोणत्याच बाजूने कमावलेला नव्हता.

याच प्रश्नाचे दुसरे टोक ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या वाट्याला आले. कॅनडाने उच्चायुक्त संजय कुमार वर्मा यांच्यासह सहा भारतीय अधिकाऱ्यांचे राजनैतिक संरक्षण काढून घेण्याची विनंती केली. भारताने ती नाकारली, आणि दोन्ही बाजूंनी हकालपट्ट्या झाल्या. दोन्ही प्रकरणांतील आरोपांची तुलना करण्याचे कारण नाही. पण आरोप करणारा देश पुरावे मागितल्यावर काय दाखवतो आणि आरोप झालेला देश आपल्या अधिकाऱ्याला चौकशीसाठी कितपत मोकळा सोडतो, हे दोन्हीकडे विचारावे लागते. चेन्नई प्रकरणात भारताकडे कबुली देणारा आरोपी होता, न्यायालयाचा निकाल होता. तरी सिद्दिकीबाबतची विचारणा इस्लामाबादच्या दारातून पुढे सरकली नाही. इस्लामाबादला उत्तर देण्यास भाग पाडू शकतील असे दोन देश, म्हणजे ज्यांच्या वास्तू लक्ष्य होत्या ते अमेरिका आणि इस्रायल, या प्रकरणात जाहीरपणे पुढे आले नाहीत.