बोनेट उघडायला हवे

विक्रोळीला यंत्रे नवीन नाहीत. इथल्या कित्येक कामगार कुटुंबांत पाना-पक्कडीची पेटी आजही जपून ठेवलेली असते. पण ती बापाकडून मुलाकडे जाते. काही बिघडले की मुलाला टॉर्च धरायला उभे करतात आणि मुलीला चहा टाकायला पाठवतात. टॉर्च धरता धरता तो शिकतो. पुढे तिलाच ऐकवले जाते, 'बायकांना यंत्रातले काय कळते?'

आज आपल्यापैकी अनेकजणी गाडी चालवतात, कोणी स्वतःच्या कमाईतून तिचे हप्तेही भरते. स्टिअरिंग हाती आले, पण बोनेट बंदच राहिले. गॅरेजमध्ये बिघाड समजावला जातो तो सोबतच्या पुरुषाला. बाई एकटी असेल तर सांगतील ते बिल चुकते करायचे. म्हणूनच गाडीची किरकोळ दुरुस्ती घरी शिकणे हा केवळ चार पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही. ज्या वस्तूवर आपला जीव विसंबून आहे, तिच्याविषयी दुसरा सांगतो ते खरे की खोटे, हे आपले आपल्याला ठरवता येते का, असा तो प्रश्न आहे.

हे दार आपोआप बंद झालेले नाही. 1974 साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत, असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला आणि त्या पुण्यात त्याच कंपनीत इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. कंपनीच्या पुण्यातील कारखान्यात अलीकडे गाड्यांच्या जोडणीसाठी फक्त स्त्रियांची तुकडी उभी राहिली आहे. अख्खी मोटार जोडणारे हात बाईचे असू शकतात, तर एक चाक बदलायला कोणाची वाट का पाहायची?

चाक बदलण्यात ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. गाडी रहदारीपासून दूर, सपाट आणि पक्क्या जागी उभी करावी. धोक्याचे दिवे लावावेत, हँडब्रेक ओढावा, जमिनीवर राहणाऱ्या चाकाला दगड लावावा. गाडी उचलण्याआधीच नट थोडे सैल करावेत. हाताने हलले नाहीत तर पान्यावर पायाने जोर द्यावा. मगच जॅक लावायचा, तोही गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच. चाक बसवल्यावर समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत आणि गाडी खाली आल्यावर पुन्हा घट्ट करावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. काही नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर काढण्याचा संच असतो. आपल्या डिकीत काय आहे, ते आजच पाहून ठेवा.

बाकीची कामेही अशीच आहेत. टायरमधली हवा टायर थंड असताना तपासावी. इंजिन बंद करून थोड्या वेळाने ऑइलची पट्टी काढावी, पुसून पुन्हा घालावी; ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा घालावा. मोठा घातला तर वायर पेटू शकते. बॅटरीला हात लावण्याआधी बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र उतरवावे, कारण धातू दोन्ही टोकांना टेकला तर भाजते. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पाऊस तर आपल्याला सांगायला नकोच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि बंद मोटारींत अडकून माणसे गुदमरून मेली. पाणी चढू लागले की गाडीचा मोह सोडून वेळीच बाहेर पडावे. दार उघडेना, तर टोकदार वस्तूने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर घाव घालावा. समोरची काच सहजी फुटत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, इंजिनात पाणी शिरले असेल तर ते कायमचे निकामी होऊ शकते. एवढे माहीत असणे हीसुद्धा दुरुस्तीच.

ब्रेक, एअरबॅग आणि विजेवरच्या गाडीतल्या नारिंगी तारा मात्र जाणकाराकडेच सोपवाव्यात. कुठे थांबायचे ते कळणे हाही शिकण्याचाच भाग.

एक शंका रास्त आहे: स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास यांच्या जोडीला आता गाडीही आमच्याच गळ्यात का? नाही. मुलीच्या हाती पाना द्यायचा, तर मुलाच्या हाती पोळपाट-लाटणेही द्यायला हवे. कामांची वाटणी बदलली नाही, तर हेही बाईचे आणखी एक बिनमोल काम होऊन बसेल.

म्हणून, मैत्रिणींनो, हे एकेकटीने नको. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट, जिथे आपली मंडळे आहेत तिथे एखाद्या रविवारी एक गाडी उभी करा. तिचे चाक प्रत्येकीने स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवावे. गाडी नसलेलीनेही, कारण उद्या रिक्षा किंवा टॅक्सी चालवून पोट भरणारी तीच असेल. आणि टॉर्च धरायला मुलींना बोलवा. चहा त्या दिवशी मुलगे टाकतील.