दार कोणाचे?

२०२६ सालच्या १६ जानेवारीला मी गुलाल चुकवीत, गल्लीबोळांतून वाट काढीत कसाबसा घरी पोचलो. जालना महानगरपालिकेच्या पहिल्यावहिल्या निवडणुकीची मतमोजणी होती ती. वहाणा काढतो न काढतो तोच आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी विचारले, "सर, कोन आलं?"

मी पडलो मास्तर माणूस. प्रस्तावनेवाचून उत्तर द्यायची मला सवय नाही. खाकरून म्हणालो, "त्याचं असं आहे मावशी, पासष्ट जागांपैकी एक्केचाळीस भाजपला मिळाल्या. म्हणजे स्पष्ट बहुमत..."

मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले. "पक्षाचं नाही इचारलं मी. आपल्याकडं कोन आलं? आता दार कोनाचं ठोठवायचं?"

आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरात हसल्या. त्यांचे हसणे मला उद्देशून होते, हे सांगायला नकोच.

जालनेकरांना पक्षांची अदलाबदल मुळीच नवी नाही. आमच्या विधानसभेच्या जागेचेच पाहा. १९९९ साली कैलास गोरंट्याल, २००४ साली अर्जुन खोतकर, २००९ साली पुन्हा गोरंट्याल, २०१४ साली पुन्हा खोतकर, तेही अवघ्या २९६ मतांनी, २०१९ साली गोरंट्याल आणि २०२४ साली खोतकर! झोपाळा एकदा इकडे, एकदा तिकडे. नगरपालिकेत २०१६ साली काँग्रेसच्या संगीता गोरंट्याल थेट जनतेच्या मतांनी नगराध्यक्ष झाल्या. पुढे २०२५ च्या जुलैत कैलासराव भाजपमध्ये गेले आणि सहा महिन्यांच्या आत महानगरपालिकेत भाजपचे बहुमत आले. चौकाचौकांतल्या चहाच्या टपऱ्यांवर या घडामोडींचा कीस इतका निघाला की चहा निवून जाई, पण चर्चा काही निवत नसे.

मीही त्या चर्चेत हिरिरीने भाग घेत असे. पण एक गोष्ट आज कबूल करून टाकतो. २०१६ च्या त्या निवडणुकीत मी मतदानच केले नव्हते. पुण्याला मेहुण्याकडे लग्न होते आणि "नगरपालिका म्हणजे काय, गटारी आणि दिवे!" असे म्हणून मी खुशाल गाडीत बसलो होतो. मावशी मात्र त्या दिवशी दोन घरची कामे आटोपून रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

नगरसेवक म्हणजे नेमके काय, हे मला कळले ते नगरसेवक नाहीसे झाल्यावर. २०१६ साली निवडून आलेल्यांची पाच वर्षांची मुदत संपली, पण नवी निवडणूक होईना. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला होता. राज्यभर हीच गत. कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मधल्या काळात, २०२३ साली, जालन्याची नगरपालिका महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. पाटी मोठी झाली, पण सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. २०२५ च्या ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितले, तेव्हा कुठे चक्र फिरले. पुन्हा मतदान होईपर्यंत चार वर्षे उलटून गेली होती.

याच काळात मावशींनी कुंडलिका ओलांडून बिऱ्हाड हलवले. जुन्या जालन्यातली खोली सोडून त्या नव्या जालन्यात राहायला आल्या. आधार कार्डावरचा पत्ता बदलायचा होता. घर भाड्याचे, विजेचे बिल मालकाच्या नावाचे. अशा माणसाला नगरसेवकाच्या सहीशिक्क्याचा दाखला चालतो, पण नगरसेवक होताच कुठे? माजी होते, त्यांनी चहा दिला, चार शब्द गोड बोलले आणि म्हणाले, "मावशी, माझा शिक्का आता चालत नाही."

"सर, तुम्ही द्या की सही," मावशी म्हणाल्या. एवढा एम. ए. झालेला प्राध्यापक, पण त्या कागदावर माझ्या सहीची किंमत शून्य! अखेर माझ्या एका स्नेह्याचे स्नेही वर्ग एकचे राजपत्रित अधिकारी निघाले आणि दाखला मिळाला. मावशींनी हात जोडले, पण मला भारी लाज वाटली. मिळाला तो ओळखीवर मिळाला. त्या गल्लीतल्या बाकीच्या बायांना कोण प्राध्यापक ओळखीचा होता? नगरसेवक बरा असो वा वाईट, त्याच्या दाराशी जायला ओळख लागत नाही, मत दिलेले असले की पुरते. ते दार बंद झाले की शहर वशिल्यावर चालू लागते.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात शेफील्डला असतो. निकालाच्या रात्री त्याचा फोन आला. ते गाव पोलादाचे, आणि आपल्या जालन्याच्या सळया महाराष्ट्रभर जातात, म्हणून त्याला ते फार परके वाटत नाही. तो म्हणाला, "सर, चार वर्षं निवडणूक नाही, हे इथल्या लोकांना सांगितलं तर खरं वाटणार नाही."

त्याने सांगितलेली तिथली रीत ऐकण्यासारखी आहे. शहराचे २८ प्रभाग, प्रत्येकात तीन सभासद, एकूण ८४. पण तिघे एकदम निवडून येत नाहीत. चारपैकी तीन वर्षे दर मे महिन्यात एकेक जागा मतदानाला येते. म्हणजे प्रत्येक सभासद एकटा लोकांपुढे उभा राहतो आणि आपला जाब आपण देतो. १९२६ साली मजूर पक्षाने तिथली सत्ता घेतली आणि मधले काही काळ वगळता पुढे बहुतेक वर्षे तोच पक्ष राज्य करीत राहिला. मग रस्त्यांच्या दुरुस्तीच्या ठेक्यात कडेची हजारो झाडे तोडली गेली. ज्यांच्या दारातली झाडे गेली ते लोक खवळले. २०२१ च्या मे महिन्यात मजूर पक्षाचे बहुमत गेले, आणि त्याच दिवशी सार्वमत घेऊन लोकांनी कारभाराची पद्धतही बदलली. मूठभर नेत्यांच्या मंडळाऐवजी सर्व पक्षांच्या समित्या आल्या. बहुमत तर तेव्हा कोणाचेच उरले नव्हते, तरी शहर काही बंद पडले नाही.

आमच्याकडे मात्र चार जागांचे चार खटके एकाच दिवशी दाबायचे. मावशींनी ते बरोबर दाबले, मीही दाबले. पण चौघांचा प्रभाग एकच म्हटल्यावर काम कोणाचे? चौघांचे काम ते कोणाचेच नाही, हा अनुभव आपल्याला घरातसुद्धा आहे. शिवाय महापौर नगरसेवकांतून निवडायचा, आणि अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांचा. अशा वेळी पक्ष कोणता आला यापेक्षा, ठोठावल्यावर दार उघडते कोण, हे बघावे लागते.

पावसाळ्यात मावशींना भाच्यासाठी पुन्हा तसाच दाखला हवा होता. या वेळी त्या माझ्याकडे आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामाला येताना कागद फडकावीतच आल्या.

"चौघांकडं गेले सर. एक गावाला गेलते. एक म्हनले, उद्या या. एकाची सही झाली, पन शिक्का नव्हता. चौथी बाई पोळ्या लाटत होती. तशीच उठली, हात धुतले, सही दिली, शिक्का दिला."

"कोणत्या पक्षाची?" मी विचारले.

"ते नाही इचारलं मी," मावशी म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

या वर्षी दिवाळीची झाडलोट करताना मी एक काम केले. आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक कागदावर लिहून तो दाराच्या मागे चिकटवला. पक्षांसाठी रकाना ठेवला नाही. त्याऐवजी एक कोरा रकाना आखला आहे. कोण केव्हा भेटले आणि काय झाले, ते त्यात भरायचे. पहिली नोंद मावशींनी सांगितली, मी लिहिली.

पुढच्या निवडणुकीला मेहुण्याकडे पुन्हा एखादे लग्न निघाले, तर सौभाग्यवती एकट्या जातील.