उभी, आडवी आणि न पडलेले मत

एखाद्या गावातील भगिनीच्या हाती कधी अशी मतपत्रिका येते की, तिच्यावर ना उमेदवाराचे नाव असते, ना पक्षाचे चिन्ह. असतात केवळ दोन चित्रे. एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातले परवानाधारक दारूचे दुकान चालू राहावे की बंद व्हावे, याचा निर्णय त्या शिक्क्याने होणार असतो. ही व्यवस्था राज्य शासनाने 2008 साली आदेश काढून गावांसाठी सिद्ध केली. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याने या मार्गाने जे करून दाखविले, ते महाराष्ट्र जाणतो. आपल्या खानदेशातील कोणत्याही गावी उद्या हे मतदान होऊ शकते. तेव्हा मत देण्यापूर्वी दोन्ही बाजू पारखून घेणे हे आपले कर्तव्य ठरते. घोषणा देणे सोपे असते. प्रश्न आहे तो घोषणेनंतरच्या दिवसांचा.

कित्येकांना हा प्रश्न नीतीचा वाटतो. घटनाकारांना तो आरोग्याचा वाटला. राज्यघटनेचे 47 वे कलम जनतेचे पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य यांविषयी आहे, आणि त्याच कलमात मादक पेयांच्या बंदीचा निर्देश आहे. अपवाद केला आहे तो औषधी उपयोगाचा. 1988 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मद्याला कर्ककारक ठरविले. 2023च्या जानेवारीत याच संघटनेने, मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. ‘थोडी घेतली तर प्रकृतीला बरी’ हा युक्तिवाद आता पारावरच्या गप्पांपुरताच उरला आहे.

परंतु विरोधातील सर्वच युक्तिवाद इतके दुबळे नाहीत. महसुलाचा मुद्दा आम्ही फार मोलाचा मानत नाही. 2022-23 साली राज्याला उत्पादन शुल्कातून 20 हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले हे खरे. पण ते ज्या घरांतून आले, त्या घरांचा ताळेबंद कोणी मांडत नाही. विचार करायला लावणारा मुद्दा निराळाच आहे. परवान्याचे दुकान मिटले की चोरट्या धंद्याचे उघडते. चंद्रपूर जिल्ह्यात मोठ्या लोकचळवळीनंतर 2015 साली दारूबंदी झाली आणि 2021 साली ती उठविण्यात आली. अवैध मद्याचा सुळसुळाट हे तेव्हाचे प्रमुख कारण होते. बिहारमध्ये 2016 पासून बंदी असूनही 2022च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेक बळी घेतले. या दारूतील मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते, दृष्टी जाते आणि प्राणही जातो. अर्थात, 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे अशाच दारूने गेली, तेव्हा मुंबईत बंदी नव्हती, हेही ध्यानी ठेवावे. विषारी दारू बंदीची वाट पाहत थांबत नाही.

आपल्या जिल्ह्याची भूमी या बाबतीत विशेष अडचणीची आहे. उत्तरेस मध्य प्रदेश, जिथे दुकाने खुली. पश्चिमेस गुजरात, जिथे बंदी. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. हाडाखेडच्या नाक्यावरून शिरपूरकडे येणारा माल पकडल्याच्या बातम्या आता वाचकांना नव्या वाटत नाहीत. ज्या वाटेने गुजरातेत खोकी जातात, त्याच वाटेवरील गावात दुकान बंद करायचे असेल, तर मतपेटीइतकाच पोलीस पाटलाचा आणि बीट हवालदाराचाही विचार करावा लागेल. हे सांगणे म्हणजे बंदीस विरोध करणे नव्हे.

याच मुलखात बंदी एकदा कायद्यावाचून आली होती, आणि हे उदाहरण आम्हांस चंद्रपूरपेक्षा अधिक बोलके वाटते. धुळे हे पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे होते त्या काळी, तळोदे भागात मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात आप धर्माची चळवळ उभारली. आरतीसाठी सहस्रावधी वनवासी बांधव जमत आणि दारू सोडण्याचा संकल्प करीत. 1938 साली महाराज गेले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. तिथे मतपत्रिका नव्हती आणि दंडही नव्हता. होता तो समाजाचा आपल्याच माणसावर असलेला धाक, आणि त्याहून मोठी माया.

तरीही केवळ संकल्पावर सारे सोपवू नये, असे वैद्यकशास्त्र बजावते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की थरकाप, आकडी, भ्रम अशी लक्षणे उद्भवतात. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. दुकान ज्या दिवशी बंद होईल, त्या आठवड्यात गावातील अशा रुग्णांची यादी आशाताईंजवळ असली पाहिजे आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात वा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेण्याची सोय आधीच ठरली पाहिजे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले ते व्यसनी माणूस हा रुग्ण आहे असे मानूनच. बाटली आडवी करणाऱ्या गावाने त्याला आडवे पाडू नये.

आमचे मत विचाराल, तर शिक्का आडव्या बाटलीवर पडावा. पण तो पुरेसा पडावा, आणि खरी मेख इथेच आहे. निवडणुकीत ज्याला अधिक मते तो जिंकतो. इथे 2008च्या आदेशाचे गणित वेगळे आहे. गावातील किमान 25 टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, उत्पादन शुल्क खात्याने सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान. आणि यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली तरच दुकान बंद. समजा, यादीत 800 स्त्रिया आहेत. त्यांतील 500 आल्या, 390 जणींनी आडवीवर आणि 110 जणींनी उभीवर शिक्का मारला. गाव म्हणेल जिंकलो. हिशेब म्हणेल 401 हवी होती. न आलेल्या 300 जणी काहीही न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या गेल्या.

न्यूझीलंडमध्ये 1919च्या एप्रिलमध्ये दारूबंदीवर सार्वमत झाले. देशात पडलेल्या मतांत बंदीचे पारडे जड होते. परदेशी असलेल्या सैनिकांची मते मोजली गेली आणि ते फिरले. तिथे दूर असलेल्यांची मते निदान पेटीत तरी पडली.

आपल्याकडे साक्री, चाळीसगाव या भागांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. नावे यादीत राहतात, माणसे कोयता घेऊन दूर जातात. ज्या घरांना दारूचा फटका सर्वांत अधिक बसतो, त्यांतली कितीतरी घरे हीच. तेव्हा ज्या गावी सह्यांचा कागद फिरत असेल, तेथील भगिनींनी तारखेची मागणीही त्याच वेळी लेखी करावी: मतदान बैलगाड्या आणि ट्रक निघण्याआधी हवे. आणि मृत, विवाह होऊन सासरी गेलेल्या, दुबार नोंदल्या गेलेल्या स्त्रियांची नावे यादीतून वगळण्याचा अर्ज तहसील कार्यालयात सह्यांच्याही आधी गेला पाहिजे.