फुकटचा खेळ आणि नशिबाची पेटी

सुट्टी लागली की मोबाइल मुलांच्या ताब्यात जातो. ‘खेळ फुकट आहे, डोळ्यांसमोर बसून खेळतोय’ म्हणून आपण निर्धास्त असतो. महिनाअखेरीस यूपीआयचा हिशोब पाहिला की कुठे ८०, कुठे ४०० रुपये गेलेले दिसतात. मग मुलाला मार बसतो. ज्या दुकानात ते पैसे गेले, ते मात्र उघडेच राहते. आमचे म्हणणे त्या दुकानाबद्दल आहे.

फुकट खेळांची कमाई आतल्या छोट्या छोट्या खरेदीवर चालते. खेळातल्या पात्राचे कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या तऱ्हा विकल्या जातात. रुपयांचे आधी ‘यूसी’ किंवा ‘डायमंड’ होतात आणि मग ते खर्च होतात. किती रुपये गेले हे मोठ्यांच्याही लक्षात राहत नाही. बारा वर्षांच्या मुलाचे काय! सर्वात घातक ती नशिबाची पेटी, म्हणजे ‘लूट बॉक्स’. पैसे आधी द्यायचे, आत काय आहे ते नंतर कळणार. हवे ते निघाले नाही की ‘आणखी एकदा’. बक्षीस केव्हा लागेल याचा नेम नसला की माणूस जास्त खिळून राहतो. मटक्याची ओढ हीच होती.

खेळ बनवणाऱ्यांनीही कमवावे ना, असे काहीजण म्हणतात. मान्य. ठरलेल्या किमतीला ठरलेली वस्तू विकली, तर आमची तक्रार नाही. मुलांसाठी मर्यादा आहेत, असेही सांगितले जाते. २०२१ मध्ये आलेल्या ‘बीजीएमआय’ने अठरा वर्षांखालील मुलांसाठी खर्चाची मर्यादा ठेवली होती दिवसाला ७,००० रुपये! नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या बापाने याला मर्यादा म्हणायचे का?

बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्येच काही खेळांतल्या अशा पेट्या जुगार ठरवल्या. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पण या पेट्यांचे नाव घेऊन त्या कायद्यात काही म्हटलेले नाही. अठरा वर्षांखालील मुलांना पेटी विकू नये आणि प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत दाखवावी, ही आमची मागणी आहे.

खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे; आणि ती साधारण वर्षभर दिसावी लागतात. पण झोप उडाली, लपवाछपवी सुरू झाली, पैशांवरून खोटे बोलणे आले, तर वर्षभर थांबू नका. मारू नका, बोला. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय मोबाइलमध्ये करून घ्या आणि यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी संपत्तीच्या नाशाची सहा कारणे सांगितली. त्यांत जुगार आहे. पूर्वी त्यासाठी अड्ड्यावर जावे लागे. आता अड्डाच मुलाच्या हातात आला आहे. तो बंद करणे हे मुलाचे नव्हे, आपले काम आहे.